भिंतीवरचा काळा डाग : आयोनायझरचा इतिहास वाचताना



मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा ते पाहिलं. या वेळी एक वस्तू घेऊ आणि तिचा इतिहास तपासू. वस्तू साधी आहे, आयोनायझर. हवा 'शुद्ध' करणारा आणि पाणी 'शुद्ध' करणारा. हा विषय माझ्या यादीत नव्हता, तो घरातून आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीतही असंच होणार आहे. घरचे लोक विचारतील, "एवढं शिकतोयस, मग सांग ना!" आणि तेव्हा लक्षात येईल की उत्तर द्यायला आपल्याकडे फक्त मत आहे, पुरावा नाही.

माझे काका पूर्णा गावात राहतात. भिवंडी तालुका. ठाण्याहून बाळकुम, कशेळी, काल्हेर करत जुन्या रस्त्याने आलात की पूर्णा लागतं. आता दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. तुम्ही ऑनलाइन मागवलेली वस्तू कधी ना कधी या पट्ट्यातून गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे. काकांनी मात्र तीस वर्षं गोदामात नाही, भिवंडीत यंत्रमागावर काढली. कापसाची धूळ, तूस आणि मागांचा खडखडाट. आता कानाला कमी ऐकू येतं आणि रात्री खोकला थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी घरी एक विक्रेता आला आणि दोन यंत्रं विकून गेला. एक हवेचं, एक पाण्याचं. दोन्हींवर 'आयन' हा शब्द मोठ्या अक्षरात. पैसे हप्त्याने.

दिवाळीत मी गेले तेव्हा काकूंनी मला यंत्रामागची भिंत दाखवली. तिथे हातभर काळा डाग पडला होता. काकू म्हणाल्या, "बघ, केवढी घाण ओढली! ही सगळी यांच्या छातीत गेली असती." काका म्हणाले, "खोकला काही कमी नाही. तू पीएचडी करतेस ना? सांग, हे चालतं का?"

मी पटकन म्हणाले, "फसवणूक आहे हो, काका." ते उत्तर चुकीचं होतं. का, ते समजायला मला दोन महिने आणि दोनशे वर्षांचा इतिहास लागला.

पहिली पायरी : शब्द वेगळा, यंत्र वेगळं

'आयन' हा शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणला. शब्दांच्या निवडीत त्यांना केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांची मदत झाली. ग्रीक भाषेतल्या 'जाणे' या अर्थाच्या शब्दावरून तो आला. द्रावणात विजेचे दोन ध्रुव बुडवले की काहीतरी एका ध्रुवाकडे आणि काहीतरी दुसऱ्याकडे जातं. जे जातं ते आयन. फॅरडेंना ते नेमकं काय आहे हे माहीत नव्हतं, फक्त जातं हे माहीत होतं.

पुढे स्वान्ते अर्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात द्रावणांतून वीज कशी वाहते यावर प्रबंध सादर केला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. त्याच कामातून वाढलेल्या सिद्धांतासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (गाइडने चॅप्टर परत पाठवला की ही गोष्ट आठवा. पण परत पाठवलेला प्रत्येक चॅप्टर नोबेलच्या लायकीचा नसतो, हेही आठवा!) हवेत, म्हणजे वायूतही आयन तयार होतात आणि ते मोजता येतात हे १८९० च्या दशकात जे. जे. थॉमसन आणि रदरफर्ड यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं.

आता लक्ष द्या. आज बाजारात 'आयोनायझर' नावाने किमान तीन वेगळी यंत्रं मिळतात :

१. हवेचा आयोनायझर. टोकदार सुई किंवा बारीक तारेवर काही हजार व्होल्ट दाब देऊन आजूबाजूच्या हवेत आयन सोडणारा.

२. पाण्यात तांब्याचे किंवा चांदीचे आयन सोडणारा. ते आयन जिवाणू मारतात.

३. पाण्याचं विद्युत-विघटन करून एका नळीतून अल्कधर्मी आणि दुसरीतून आम्लधर्मी पाणी देणारा.

तिन्हींचं तत्त्व वेगळं, पुरावा वेगळा, इतिहास वेगळा. 'आयोनायझर चालतो का?' हा प्रश्नच म्हणून सदोष आहे. 'कोणता, कशासाठी, कुठे?' असं विचारलं की तो संशोधनाचा प्रश्न होतो. मी काकांना एका वाक्यात उत्तर दिलं तेव्हा हीच चूक केली. तीन यंत्रांना एक उत्तर दिलं.

हवा : एक हरलेला प्रयोग आणि कापसाचं तूस

हवेपासून सुरू करू. १८२४ मध्ये लाइपझिगच्या होलफेल्ड नावाच्या गणिताच्या शिक्षकाने काचेच्या बरणीत धूर भरला आणि त्यात विजेचा भार असलेली तार सोडली. धूर खाली बसला. प्रयोग छापला गेला आणि विसरला गेला. साठ वर्षांनी इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी स्वतंत्रपणे हेच पाहिलं. १८८५ च्या सुमारास वेल्समधल्या बॅगिल्ट इथल्या शिशाच्या कारखान्यात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर लावून पाहिलं गेलं. शिशाचा धूर म्हणजे विष, आणि चिमणीतून उडून जाणारं शिसं म्हणजे मालकाचं नुकसान. प्रयोग फसला. वीज पुरवायला विम्झहर्स्ट यंत्रं होती, ती पुरी पडली नाहीत, आणि शिशाची धूळ या पद्धतीने पकडायला अवघड निघाली.

इथे थांबा. तत्त्व बरोबर होतं, प्रयोगशाळेत सिद्धही झालं होतं, तरी कारखान्यात हरलं. हा इतिहास वाचताना 'शोध कधी लागला' यापेक्षा 'शोध कधी चालायला लागला' ही तारीख महत्त्वाची आहे.

ती तारीख येते कॅलिफोर्नियात. बर्कलीचे रसायनशास्त्राचे अध्यापक फ्रेडरिक कॉट्रेल गंधकाच्या आम्लाचं धुकं पकडायच्या खटपटीत होते. आता त्यांच्याकडे लॉज यांच्याकडे नव्हता तो ट्रान्सफॉर्मर होता, आणि उच्च दाबाची वीज एकाच दिशेने वाहती ठेवायची युक्ती होती. तरी तारेतून हवेत भार नीट सुटेना. मग अंधारात त्यांच्या लक्षात आलं की कापसाच्या धाग्याने गुंडाळलेल्या एका तारेवर मंद उजेड दिसतोय. धाग्यातून बाहेर आलेलं बारीक तूस, त्याचं प्रत्येक टोक सुईसारखं काम करत होतं आणि तिथून हवेत भार सुटत होता. मग त्यांनी मुद्दाम केसाळ तारा बनवल्या. १९०७ मध्ये अर्ज केला, १९०८ मध्ये पेटंट मिळालं. १९१२ मध्ये पेटंटच्या पैशातून इतरांच्या संशोधनाला मदत करायला त्यांनी 'रिसर्च कॉर्पोरेशन' ही संस्था उभी केली.

भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट वाचताना गंमत वाटते. जे तूस काकांच्या छातीत गेलं, त्याच तुसाने धूर पकडायचं यंत्र चालू केलं.

हे यंत्र म्हणजे स्थिरविद्युत अवक्षेपक, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात. कोराडी, चंद्रपूर, एकलहरे या आपल्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाची राख चिमणीबाहेर जाण्याआधी त्यातच पकडली जाते. म्हणजे 'आयनने हवा साफ होते' हे वाक्य खोटं नाही. काकांना मी सांगितलं ते म्हणूनच चूक होतं.

पण ईएसपीचे दोन भाग असतात हे नीट पाहा. एक भाग धुळीच्या कणांना विजेचा भार देतो. दुसरा भाग, म्हणजे विरुद्ध भाराच्या किंवा जमिनीला जोडलेल्या मोठ्या पत्र्याच्या पट्ट्या, ते कण ओढून धरतो. पट्ट्या हातोड्याने ठोकून राख खाली हॉपरमध्ये पाडली जाते आणि तिथून बाहेर काढली जाते. आयन घाण नष्ट करत नाहीत, जागा बदलतात. घाण जाऊन कुठे बसते, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. १९३० च्या दशकात वेस्टिंगहाऊसच्या गेलॉर्ड पेनी यांनी घरातल्या-ऑफिसातल्या हवेसाठी छोटा अवक्षेपक बनवला, त्यातही पट्ट्या होत्याच.

काकांच्या यंत्रात पट्ट्या नव्हत्या. पंखाही नव्हता. होत्या फक्त सुया. मग भार मिळालेले कण कुठे गेले? सगळ्यात जवळच्या पृष्ठभागावर, म्हणजे भिंतीवर. काकूंनी पाहिलेला डाग खरा होता. पण त्याच पद्धतीने कण अंथरुणावर, कपड्यांवर आणि श्वास घेताना छातीच्या आतही चिकटू शकतात. भिंतीवरची धूळ झाडली की परत हवेत. डाग एकच, पण त्याचं वाचन दोन्ही बाजूंनी होतं : यंत्र काहीतरी करतंय याचा तो पुरावा आहे, आणि खोली साफ होतेय याचा तो पुरावा नाही. पुरावा आणि दाव्यात असं अंतर दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा. तुमचा चॅप्टर तिथेच आहे.

आकडा दिसला की भागाकार करा

खोक्यावर 'कोट्यवधी आयन' असं छापलेलं असतं. समजा यंत्राने १० कोटी आयन सोडले. १० बाय १० फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे जवळपास २ कोटी ८३ लाख घन सेंटिमीटर हवा. भागाकार केलात तर दर घन सेंटिमीटरला तीन-चार आयन. साध्या मोकळ्या हवेत, काहीही न करता, ते शेकड्यांत असतात, आणि मिनिटाभरातच विरतात, म्हणून सतत नवे तयार व्हावे लागतात. धबधब्याजवळ ऋण आयन जास्त असतात हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्ये दाखवलं. माळशेजच्या धबधब्याखाली बरं वाटतं ते खरं, पण त्यात गारवा, सुट्टी आणि भजी यांचा वाटा किती, हे वेगळं काढल्याशिवाय श्रेय आयनला देता येत नाही.

आपल्या राज्यातलं एक उदाहरण. मार्च २०२० च्या अखेरीस, कोविडच्या पहिल्या धक्क्यात, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 'सायटेक एअरॉन' या ऋण आयन यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पुण्यातल्या स्टार्टअपचं यंत्र, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्कचा आधार. यंत्रं तयार करायला एक कोटी रुपये, आणि महाराष्ट्रातल्या रुग्णालयांसाठी १००० यंत्रं, असं त्यात होतं. खोलीतला विषाणूंचा भार तासाभरात ९९.७ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, खोलीच्या आकारानुसार, असाही उल्लेख होता.

हे वाचून लगेच 'वा!' किंवा 'छे!' म्हणू नका. विचारा : ही टक्केवारी कोणत्या खोलीत मोजली? रिकाम्या की माणसं असलेल्या? कोणत्या विषाणूवर? यंत्र बंद असताना त्याच खोलीत तासाभरात किती घट झाली असती? कारण कण आपोआपही खाली बसतात आणि विषाणू आपोआपही निकामी होतात. तुलनेची खोली नसेल तर ९९.७ या आकड्यातला किती वाटा यंत्राचा, ते सांगता येत नाही. हे प्रश्न यंत्राविरुद्ध नाहीत, आकड्याच्या बाजूने आहेत.

अशी तुलना झालेलीही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, पोर्टलंड स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट या विद्यापीठांतल्या संशोधकांनी बाजारातलं एक द्विध्रुवी आयन यंत्र तपासलं. कणांवर झालेला परिणाम नगण्य निघाला. हवेतले काही रासायनिक वायू कमी झाले, तर काही वाढले. शिवाय उच्च दाबाच्या ठिणगीतून ओझोन तयार होऊ शकतो, आणि ओझोन फुप्फुसाला त्रास देतो. म्हणूनच कॅलिफोर्निया राज्यात घरगुती हवा-शुद्धीकरण यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएम अशी मर्यादा २०१० पासून लागू आहे. खोकल्याच्या माणसाच्या उशाशी असं यंत्र ठेवण्याआधी हा मुद्दा पहिला यायला हवा होता. माझ्या डोक्यात तो पहिला आला नव्हता.

पाणी : काकूंचा हंडा आणि हप्त्याचं यंत्र

आता पाणी. काकूंच्या स्वयंपाकघरात आजही सासूचा तांब्याचा हंडा आहे. तो कदाचित त्या घरातला पहिला आयोनायझर! १८९३ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांचं काम त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. धातूचे अगदी सूक्ष्म प्रमाणातले आयनही सूक्ष्मजीव मारतात, हे त्यात होतं. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी पाण्यात हगवण आणि पटकीचे जिवाणू मुद्दाम मिसळून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. जिवाणू सापडले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत राहिलं. रुग्णालयांच्या गरम पाण्याच्या पाइपांत लेजिओनेला जिवाणू रोखायला तांबं-चांदीचे आयन वीज देऊन सोडतात, तेही याच घराण्यातलं. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात अपोलो यानासाठी चांदीचे आयन सोडणारं छोटं यंत्र विकसित केलं होतं.

पण इथेही 'पूर्वजांना सगळं माहीत होतं' म्हणून लेख संपवू नका. १६ तास हा आकडा वाचा. सकाळी भरून दुपारी प्यायलेलं पाणी त्या प्रयोगात बसत नाही. पाणी गढूळ असेल तर आयन गाळालाच चिकटून संपतात. फ्लोराइड, आर्सेनिक, कारखान्याचं रसायन यावर तांब्याचा हंडा काही करत नाही.

आणि हप्त्याचं यंत्र तिसऱ्या प्रकारचं. याचं मूळ १८०० मध्ये आहे. लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या विद्युतघटाने पाण्याचं विघटन केलं. पुढे जपानमध्ये १९६० च्या दशकात पोटाच्या तक्रारींसाठी घरगुती उपकरण म्हणून अशा यंत्रांना मान्यता मिळाली. नेमका तेवढ्याच कामासाठी मिळालेला परवाना विक्रीच्या भाषेत 'सगळ्या रोगांवर' होऊन येतो. विद्युत-विघटनाने पाण्याचा पीएच वाढतो. जठरातलं आम्ल १.५ ते ३.५ पीएचचं असतं, तिथे पोचल्यावर तो पीएच टिकत नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीएच ६.५ ते ८.५ असा ठरलेला आहे. काकांच्या यंत्राच्या पडद्यावर ९.५ हा आकडा अभिमानाने चमकत होता.

मग पाणी चवीला बरं का लागत होतं? यंत्र उघडून पाहिलं तर विजेच्या पट्ट्यांच्या आधी कोळशाचा साधा फिल्टर होता. क्लोरीनचा वास तो काढत होता. काम फिल्टरचं, नाव आयनचं.

यातून तुमच्यासाठी काय?

तीन गोष्टी वहीत लिहा.

एक, शब्दाचा इतिहास आणि यंत्राचा इतिहास वेगळे ठेवा. एक चांगला शब्द वाईट यंत्रावर चिकटवता येतो, आणि वाईट यंत्रामुळे चांगलं तत्त्व बदनामही होतं.

दोन, जे नाहीसं झालं असं सांगितलं जातं ते कुठे गेलं, ते शोधा. राख हॉपरमध्ये गेली की भिंतीवर? तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा प्रश्न जवळजवळ कधीच वाया जात नाही.

तीन, अपयशाच्या नोंदी वाचा. बॅगिल्ट नसतं तर कॉट्रेलने नेमकं काय सोडवलं हे कळलं नसतं.

आणि अजून एक, जी मी शिकले. विचारणाऱ्या माणसाला तुच्छतेने उत्तर देऊ नका. काका फसले ते मूर्ख म्हणून नाही, त्यांना श्वास हवा होता म्हणून. मी 'फसवणूक' म्हणाले तेव्हा काकूंचा चेहरा उतरला होता, कारण हप्ते त्यांनी शिवणकामातून भरले होते.

संक्रांतीला मी परत गेले आणि कागदावर चित्र काढून दोघांना सगळं सांगितलं. सुई, कण, पट्टी, भिंत. काकांनी मध्येच विचारलं, "म्हणजे पट्टीच नाही तर पकडणार कशात?" तीस वर्षं यंत्र चालवलेल्या माणसाला एवढं पुरलं. हवेचं यंत्र बंद करून माळ्यावर गेलं. काका छातीच्या डॉक्टरांकडे गेले, आणि आपण यंत्रमागावर किती वर्षं काम केलं हे त्यांनी पहिल्यांदाच डॉक्टरांना सांगितलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला नाव आहे, बिसिनोसिस. आतापर्यंत कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. तपासण्या चालू आहेत. पाण्याचं यंत्र अजून आहे, पण वीज बंद. काकू फक्त फिल्टर वापरतात आणि रात्री हंडा भरून ठेवतात.

भिंत मात्र अजून रंगवलेली नाही. काकू म्हणतात, राहू दे, तुला अभ्यासाला लागेल.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल जिच्या खोक्यावर विज्ञानाचा शब्द छापलाय. या रविवारी ती उघडा, आत काय काम करतंय आणि नाव कोणाचं लागलंय ते पाहा, आणि एका पानात लिहून काढा. पुढच्या लेखात आपण पेटंटची कागदपत्रं इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची ते पाहू.